मोकळं मनगट

माझ्या हृदयावरचा इलाज साबणाने सुरू झाला. इस्पितळातल्या सिस्टरने माझा उजवा हात नळाखाली धरला, मनगटापासून बोटांपर्यंत साबण चोळला आणि हिरवी काकणं एकेक करून उतरवायला घेतली. काकणं कसली उतरतात! अंगठ्याच्या मुळाशी येऊन जी अडली, ती हलेनात.

"बाई, ही तुम्ही जन्मतानाच घालून आलात की काय?" ती म्हणाली.

आमच्या घरात काकणं भरायची ती घट्टच. सैल काकण हातात खेळतं, खेळलं की दाराला, कळशीला आपटतं आणि आपटलं की फुटतं. सवाशिणीचं काकण फुटणं चांगलं नव्हे, कारण तिच्या काकणांवर नवऱ्याचं आयुष्य. ही शिकवण माझ्या नणंदेची. नवऱ्याहून ती थोरली, तिला सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणते. लग्न होऊन मी पेडण्याहून मयेला आले, त्या वर्षीच्या जत्रेत तिनेच मला काकणकारासमोर बसवलं होतं. "आनीक ल्हान दाखय," असं ती त्याला सांगत राहिली आणि तो माझा हात पिळत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. तेच माप मी आयुष्यभर चालवलं. शाळेत फळ्यावर लिहिताना हात वर केला, तरी माझी काकणं कधी वाजली नाहीत. मुलांना बाई मागून आल्याचं कळायचं नाही, एवढा फायदा मात्र झाला.

तर त्या दिवशी साबणाने एक सोडून सगळी उतरली. उरलेलं एक सिस्टरच्या हातातच तडकलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराशी धडधाकट उभा होता, मोबाइलवर कोणाला तरी गाडी कुठे लावली ते सांगत होता. माझा जीव भांड्यात पडला.

देवळाची चढण चढताना छातीत जड व्हायला लागलं म्हणून डिचोलीच्या डॉक्टरांनी मला या मोठ्या इस्पितळात धाडलं होतं. मनगटातल्या नसेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेतात आणि कुठे काय तुंबलंय ते पडद्यावर बघतात. मनगटातून हृदयापर्यंत रस्ता असतो हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्या दिवशी नुसतीच तपासणी होती. ती झाली, मनगटावर हवेचा एक पारदर्शक पट्टा काही वेळ बांधला, मग तो काढून लहानशी पट्टी चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं.

घरी बाल्कांवावर, दारापुढच्या बैठकीवर, आक्का बसलेली. मोरजीहून सकाळची बस पकडून आली होती. काकण तडकल्याची बातमी माझ्या नवऱ्यानेच फोनवर दिलेली, या माणसाच्या पोटात काही राहत नाही. मी पायरी चढायच्या आत तिची नजर माझ्या उघड्या मनगटावर गेली.

"कितें गो हें? सवाशिणीचो हात असो उकतो?"

तिने पिशवीतून नव्या काकणांचा जोड काढला. माझं माप तिला पाठच होतं. हात सुजलेला, वर पट्टी, तरी तिने तेल लावून ती काकणं चढवलीच, पट्टीच्या वरून. मला दुखलं, पण मी हात मागे घेतला नाही. दोन दिवसांच्या दगदगीने अंगात भांडायचं त्राण नव्हतं. शिवाय काकणं चढवताना ती पुटपुटत देवाला नवस बोलत होती, तेही मला ऐकू येत होतं. बाई खरोखरच घाबरली होती. मात्र तिला भीती होती भावाच्या जिवाची. नळी माझ्या काळजात गेली होती आणि नवस चालले होते त्याच्या आयुष्याचे! मला हसावं की रडावं कळेना.

रात्रभर बोटांना मुंग्या येत होत्या. पुढे सूज उतरली, मुंग्या गेल्या आणि मी ते विसरूनही गेले.

तपासणीत दोन ठिकाणी अडथळे निघाले. दोन्हींमध्ये जाळी बसवायची, पण एकदम नाही. आधी एक, मग महिन्याभराने दुसरी. पहिलीसाठी इस्पितळात दाखल झाले, तेव्हा डॉक्टरांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याखाली दोन बोटं ठेवली. बोटं जरा सरकवली, परत ठेवली. माझ्याशी पावसाच्या गप्पा चालल्या होत्या त्या थांबल्या. मग त्यांनी एक यंत्र मागवलं, मनगटावर थंडगार जेल लावून ते फिरवलं आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "ही नस बंद झालीय."

मी घाबरून हाताकडे बघितलं. हात होता तसाच, काळानिळा न होता मांडीवर पडलेला.

"हाताला काही होणार नाही," त्यांनी समजावलं. "करंगळीच्या बाजूने दुसरी नस येते, ती हात पोसते. म्हणून तर तुम्हाला कळलंही नाही. पण माझा रस्ता बंद झाला."

मांडीतून जायचा एक रस्ता असतो. पण तिथून गेलं की नंतर पाय न हलवता बराच वेळ सरळ उताणं पडून राहावं लागतं. माझ्या कमरेची चकती सरकलेली, उताणं पडलं की थोड्या वेळात मी तळमळायला लागते. शिवाय रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. मांडीतून रक्त वाहिलं तर आवरणं कठीण, मनगटात ते बोटाने दाबलं तरी थांबतं. म्हणून डॉक्टरांना मांडी नकोच होती.

"राहिलं डावं मनगट," ते म्हणाले. "आणि त्यातून मला दोनदा जायचंय. आज एकदा, महिन्याने एकदा. मधल्या काळात ही नस उघडी राहिली पाहिजे."

मी विचारलं, उजवी कशाने बंद झाली? ते म्हणाले, नळी जाऊन आली की नस नाराज होते, आतल्या आत रक्त गोठू शकतं. रक्त थांबवायला वरून दाबावंच लागतं, पण फार घट्ट दाबलं किंवा फार वेळ दाबलं, तर आतला प्रवाह थांबतो आणि थांबलेलं रक्त गोठतं. "पट्टा काढल्यावर घरी काही घट्ट बांधलं होतं का?"

मी काकणांचं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "बांगड्यांमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," ते म्हणाले. "पण यावेळी काही घट्ट नको. बांगडी नको, घड्याळ नको, दोरा नको."

मला आक्काचा असा राग आला, की ती समोर असती तर मी तीस वर्षांचं सगळं एकदम काढलं असतं. पण ती मोरजीला होती आणि समोर होता तिचा भाऊ.

"तुमच्या बहिणीला तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"मी?" खाणीवर एवढाली मशिनं चालवलेला हा माणूस, पण आक्काचं नाव काढताच दाराकडे सरकला. "तूच सांग गो. तू मास्तरीण. तुझं ती ऐकते."

ती माझं ऐकत असती तर मी इथे कशाला आले असते?

मग मी कोणालाच काही सांगितलं नाही. डाव्या हातातली काकणं खोबरेल तेल लावून माझी मीच उतरवली. एकही फुटलं नाही. रुमालात बांधून नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "हं, तुमचं आयुष्य. नीट सांभाळा." त्याने ती पुरचुंडी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दिवसभर वरून चाचपत राहिला.

जाळी व्यवस्थित बसली. मला बाहेर आणलं तेव्हा डाव्या मनगटावर तो हवेचा पट्टा होता आणि अंगठ्याला एक चिमटा लावलेला. चिमट्याची तार बाजूच्या पडद्याला जोडलेली, पडद्यावर एक हिरवी लाट चाललेली. सिस्टर दुसरी होती, वयाने लहान, बोलायला फटकळ. मला बरं वाटलं. गोड बोलणाऱ्या माणसांचा मला आजारपणात वीट येतो.

"ही लाट बघत राहा," ती म्हणाली. "आत्ता ती दोन्ही नसांच्या जिवावर चाललीय. मी करंगळीकडची नस दाबते. तरीही लाट चालली, तर आपली नस पट्ट्याखालीही वाहतेय असं समजायचं."

ती दाबणार एवढ्यात खाटेभोवतीचा पडदा सरकवून आक्का आत आली. एका हातात पेजेचा डबा, दुसऱ्या हातात पर्स. तिने आधी माझा उजवा हात बघितला. त्यातली काकणंही मी सूज उतरल्यावर काढून ठेवली होती. मग पट्टा बांधलेला डावा बघितला. दोन्ही हात उघडे! तिची पर्स उघडली आणि आतला आवाज मी ओळखला. काचेचा.

"थांबा," सिस्टर म्हणाली. आक्काला थांबा म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. आक्का खरंच थांबली.

सिस्टरने करंगळीकडची नस दाबली. हिरवी लाट बसली. आधी ठेंगणी झाली, मग सरळ रेघ झाली. मला काही दुखत नव्हतं, पण ती रेघ हलत नव्हती. हाही रस्ता गेला, असंच मला वाटलं. मी देवाचं नाव घेतलं नाही, मी सिस्टरचा हात घट्ट धरला.

"घाबरू नका. पट्टा घट्ट झालाय, एवढंच." तिने पट्ट्याच्या तोटीला सिरिंज लावली आणि थोडी हवा काढली. रेघ तशीच. आणखी थोडी काढली. मनगटावर रक्ताचा एक लाल थेंब वर आला. तिने चिमूटभर हवा परत भरली, थेंब तिथेच थांबला. आणि पडद्यावर रेघ जराशी हलली. एक लहान उंचवटा आला, त्याच्या मागून दुसरा, मग लाट चालू लागली. करंगळीकडची नस अजून दाबलेलीच होती. म्हणजे ही लाट माझ्या नसेची, फक्त तिचीच.

मी घरी आबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, करते. केळीच्या सोपटाचा ओला धागा घ्यायचा आणि प्रत्येक फुलाच्या देठाला गाठ मारायची. गाठ सैल पडली तर फूल गळतं, फार आवळली तर देठ तुटतो आणि संध्याकाळपर्यंत फाती मान टाकते. सिस्टर तेच करत होती. रक्त गळू नये एवढं घट्ट आणि नस मरू नये एवढं सैल. मला वाटलं, अगं, हे तर मला येतं! आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला या सगळ्याची भीती वाटेनाशी झाली.

आक्का पडद्याकडे टक लावून उभी होती.

"पयलीं ती सपाट कित्याक जाली?" तिने विचारलं.

"पट्टा घट्ट होता म्हणून," सिस्टर म्हणाली.

"घट्ट आशिल्लो म्हूण." आक्काने ते शब्द परत म्हटले. पर्सची चेन हळूच लावली आणि स्टुलावर बसली. सिस्टर गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे त्या दिसा हांवेंच..."

हो म्हणायची केवढी सोय होती! वाक्यं तर मी तयारच ठेवली होती. पण तिचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. "डॉक्टर म्हणतात, कशाने झालं ते सांगता येत नाही."

"दोतोर कितेंय म्हणूं," ती म्हणाली. मग तिने डबा उघडला, चमचा काढला आणि त्या कुलेरने मला पेज भरवायला लागली. माझा उजवा हात मोकळा होता, मी स्वतः खाऊ शकले असते. पण मी भरवून घेतलं.

दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन थोडी हवा काढायची आणि लाट बघून जायची. मागच्या खेपेपेक्षा पट्टा लवकर निघाला. खाली छिद्र एवढंसं, डास चावल्यासारखं.

घरी आले तेव्हा आक्का माझ्या आधी पोचली होती, कपड्यांची पिशवी घेऊन, राहायला. आणि तिने माझ्या मनगटावर जो पहारा बसवला, त्याला तोड नाही. नारळ खवायचा नाही, बालदी उचलायची नाही, कपडे पिळायचे नाहीत. हे सगळं डॉक्टरांनी सांगितलंच होतं, थोड्या दिवसांसाठी. आक्काने त्यात स्वतःची भर घातली. झोपताना हातावर डोकं टेकायचं नाही. नवऱ्याने हात धरायचा नाही. "इतल्या वर्सांत धरूंक ना, आतां कित्याक?" असं ती त्याला म्हणाली आणि तो बिचारा उंडा, आमच्याकडचा गोल पाव, चहात बुडवून खात राहिला.

नाडी बघायला मी तिला शिकवलं. पहिल्या सकाळी तिने बोटं ठेवली आणि किंचाळली, "ना गो! लागना!" बघते तर बाईने बोटं अशी रोवली होती, जणू भिंतीत खिळा बसवतेय. दाबते म्हणजे दाबतेच. "आक्का, हलकं. फुलाला लावतात तसं." तिने बोटं उचलली, नुसती टेकवली आणि श्वास धरून बसली. मग तिचे डोळे मोठे झाले.

"उडटा गो. पाखरावरीं उडटा."

त्यानंतर रोज सकाळी पाववाल्या पोदेराची सायकल वाजायच्या आधी ती माझ्या खाटेशी हजर. नाडी लागली की "आसा," म्हणजे आहे, एवढंच म्हणायची आणि उठायची. माझी झोपमोड व्हायची. मी चिडायचे, ती ऐकायची नाही. सवयीने आठवड्यात तिची बोटं माझ्यापेक्षा तरबेज झाली.

शेजारीण एक दिवस देवळातून लाल दोरा घेऊन आली. देवीच्या पायाला लावून आणलेला, हाताला बांधायला. तिने माझं डावं मनगट पुढे ओढलं आणि आक्का स्वयंपाकघरातून धावत आली.

"हाताक कांय बांदचें न्हय!"

"अगो, देवीचो तो."

"देवीचो जाल्यार खाटीच्या पांयाक बांद. देवीक कळटा." आणि तिने तो दोरा खरंच खाटेच्या पायाला बांधला. वर नमस्कारही केला. शेजारीण दुखावली. माझे उघडे हात बघून म्हणाली, "दोनूय हात अशे? घोवाक बरें न्हय गो."

मी तोंड उघडणार होते, पण आक्काच पुढे झाली. "म्हज्या भावाची चिंता तूं करूं नाका. तो थंय बसून तिसरो उंडो खाता. त्याचें कांय जायना. जाल्यार हिचें जायत." ती पुढे काय बोलली ते मी ऐकलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कोणी तरी माझ्या जिवाचा हिशेब त्याच्या आधी धरला होता आणि धरणारी आक्का होती. मला एवढा आनंद झाला की मी भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या जाळीचा दिवस आला. आम्ही तिघं गेलो. सकाळी घरात नाडी लागली होती, गाडीत लागली होती, इस्पितळाच्या लिफ्टमध्येही आक्काने बघून घेतली होती. तरी डॉक्टर खोलीत आले तेव्हा मी हात पुढे करायला कचरले. आमची बोटं ती आमची, त्यांची बोटं ती त्यांची.

त्यांनी माझा डावा हात उताणा केला. दोन बोटं ठेवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, नवरा माझ्याकडे आणि आक्का त्यांच्या बोटांकडे. करंगळीकडची नस दुसऱ्या हाताने दाबून त्यांनी पुन्हा बघितलं. मग ते हसले.

"छान उडतेय. रस्ता एकदम उघडा."

"पाखरावरीं," आक्का म्हणाली.

"काय?"

"पाखरासारखी," मी सांगितलं. आणि हसता हसता मला रडू फुटलं, चारचौघांत, मोठमोठ्याने. मला त्याची लाज वाटली नाही. त्याच नसेतून डॉक्टर पुन्हा आत गेले, दुसरी जाळी बसली, कमरेला काही त्रास नाही, मांडीला सुई नाही. संध्याकाळी मी खुर्चीत बसून चहा प्यायले. यावेळी पट्ट्याच्या हवेकडे सिस्टरच्या बरोबरीने आक्काचंही लक्ष होतं आणि सिस्टरने ते खपवून घेतलं.

पुढे जत्रा आली. आता बांगड्या घालायला हरकत नाही, फक्त सैल घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. देवळाची चढण मी न थांबता चढले. वर पोचून मागे बघितलं तर नवरा अर्ध्यात उभा राहून धापा टाकत होता. मी वरून त्याला हात केला.

काकणकार तोच, आता म्हातारा झालेला. त्याने माझ्या हातावर एक नजर टाकली आणि माझं जुनं माप काढलं.

"व्हडलीं दाखय," आक्का म्हणाली.

त्याने एक माप वरचं काढलं.

"आनीक व्हडलीं."

"आक्का, हीं हातांत खेळटलीं," तो म्हणाला. तिला तो ओळखत होता, तिचा कायदाही ओळखत होता. "आपटून फुटटलीं."

"फुटल्यार फुटूंदीत. हांव आनीक घालतलें."

काकणं हातात शिरली, तेल नको, साबण नको, डोळ्यांत पाणी नको. मी हात हलवला आणि ती वाजली. इतक्या वर्षांत माझ्या हाताचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आक्का मात्र ऐकत नव्हती. तिने ती नवी काकणं माझ्या कोपराकडे सरकवली, मोकळ्या झालेल्या मनगटावर दोन बोटं टेकवली, हलकी, आणि जत्रेच्या त्या गर्दीत डोळे मिटून उभी राहिली.

"आसा," ती म्हणाली.